सरळ म्हणजे कशाच्या तुलनेत? समतल केलेल्या पिकअपचं स्टिअरिंग आणि अलाइनमेंट



फलकावर माझ्या नावापुढे तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट आणि त्याखाली पिकअपचं स्टिअरिंग असा विषय वाचून दोघातिघांनी मला दाराशीच विचारलं, सर, छापताना काही गडबड झाली का? गडबड नाही. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माझी दुपार बरेचदा एका गॅरेजच्या बाकावर जाते, आणि तिथे चालणारा युक्तिवाद आमच्या विभागातल्या युक्तिवादापेक्षा कमी दर्जाचा नसतो. फरक इतकाच की तिथे निष्कर्ष चुकला तर टायर जातो, आणि कधी माणूस जातो.

बुटीबोरीची जागाही या विषयाला बरोबर आहे. एमआयडीसीतून माल भरायचा. इथून एक रस्ता हिंगणघाट, पांढरकवड्यावरून खाली हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्यावरून यवतमाळ, नांदेडकडे. भरून जायचं, रिकामं परत यायचं. शिवाय आजूबाजूला काळी माती. पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी घालायची तर पुढचा बंपर ढेकळांत घासतो. म्हणून आपल्याकडे पिकअप 'लेव्हल' करून घेतात, म्हणजे पुढून उचलतात. आणि मग तक्रारी सुरू होतात.

आधी हे बघू, की लेव्हल करायची वेळच का येते. रिकामी पिकअप बाजूला उभं राहून बघा. मागून उंच, पुढून वाकलेली दिसेल. ती कंपनीची चूक नाही. माल मागे पडणार, पाटे दबणार, आणि भरल्यावर गाडी साधारण समतल होणार, हा हिशोब आहे. म्हणजे जी गाडी आपल्याला रिकामी असताना वाकडी दिसते, ती भरल्यावर सरळ होण्यासाठी वाकडी ठेवलेली असते. यात आपण दोन उद्योग करतो. पहिला, माल जास्त घालायचा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवतो. मागची बाजू आणखी उचलली जाते, नाक आणखी खाली जातं. मग दुसरा उद्योग: नाक वर आणायला पुढे उचलायचं. टॉर्शन बारची गाडी असेल तर बोल्ट पिळायचा, कॉइल स्प्रिंग असेल तर वर चकती बसवायची, पुढेही पाटे असतील तर पाटा वाढवायचा किंवा लांब शॅकल लावायची. दीड-दोन इंचांचं काम, अर्ध्या दिवसात होतं. गाडी रुबाबदार दिसते.

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने हेच केलं. जुनी टॉर्शन बारची पिकअप. मागे दोन पाटे वाढवले, पुढे दोन इंच उचललं. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, गाडी डावीकडे वढून राह्यली. तीनदा अलाइनमेंट केली, तरी काई फरक नाई." पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेने गुळगुळीत झालेला. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येईना. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं तिरकं धरावं लागे. आणि तिन्ही वेळा अलाइनमेंटवाल्याने एकच सांगितलं होतं: टो बरोबर आहे.

टो बरोबर होताही. इथेच सगळी गंमत आहे. 'बरोबर' या शब्दाला कशाच्या तुलनेत, हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. पुढचं चाक सरळ आहे, असं आपण म्हणतो तेव्हा निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणत असतो. त्यांची नावं तुम्ही गॅरेजमध्ये रोज ऐकता: टो, कॅम्बर, कॅस्टर.

टो सगळ्यात सोपा. गाडीवर उभं राहून वरून खाली बघितलं तर दोन्ही पुढची चाकं समांतर आहेत की एकमेकांकडे नाक करून आहेत, की फाकलेली आहेत. माणसाच्या पावलांसारखं. काही जण पावलं आत टाकत चालतात, काही बाहेर. ही चूक डोळ्याला दिसत नाही, कारण ती मिलिमीटरांत असते. पण हिशोब करून बघा. समजा प्रत्येक चाक फक्त अर्धा अंश चुकलं आहे. सातशे मिलिमीटर व्यासाच्या टायरवर हा फरक सहा मिलिमीटरच्या आसपास. हाच अर्धा अंश एक किलोमीटर चालवा: चाक पुढे हजार मीटर जाताना आडवं पावणेनऊ मीटर घासलं जातं. नागपूर ते बुटीबोरी तीसेक किलोमीटर धरा. एका फेरीत तुमचा टायर अडीचशे मीटरहून जास्त अंतर डांबरावर आडवा फरफटला. नवा टायर दोन महिन्यांत का जातो, याचं उत्तर बरेचदा या एका गुणाकारात असतं. टो आत असेल तर टायर बाहेरच्या कडेने खातो, टो बाहेर असेल तर आतल्या कडेने. टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने मऊ लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखा टोचतो, तर टोवर संशय घ्या.

कॅम्बर म्हणजे समोर उभं राहून बघितल्यावर चाक उभं आहे की कललेलं. वरचा भाग बाहेर झुकला तर बाहेरची कड झिजते, आत झुकला तर आतली. आणि दोन्ही बाजूंचा कल सारखा नसेल तर गाडी ज्या बाजूचं चाक जास्त बाहेर झुकलंय त्या बाजूला ओढते. दुहेरी आर्मच्या गाड्या पुढून उचलल्या की बहुतेक वेळा चाकाचा माथा बाहेर जातो, कारण वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असतो. दोघं वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात.

कॅस्टरवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण तीन भावंडांत सगळ्यात दुर्लक्षित तोच आहे आणि रस्त्यावर जीव सांभाळणाराही तोच.

सायकल आठवा. पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, खाली पुढे झुकलेला असतो. त्या चिमट्याची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ती जमिनीला जिथे लागते, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. म्हणजे चाक आपल्या वळण्याच्या आसामागून ओढलं जातं. जे मागून ओढलं जातं ते आपोआप ओळीत येतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची छोटी चाकं बघा, ढकलायला लागलं की गर्रकन फिरून मागे जातात आणि मग शांत चालतात. सायकलचा हात सोडून पोरं जातात, त्याला हे एक कारण. मोटारीत चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा बाजूने बघितली तर वरच्या टोकाला मागे झुकलेली असते. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. थोडेच अंश असतात, पण वळणानंतर स्टिअरिंग हातातून सरकत परत येतं ते मुख्यतः याच्या जिवावर.

आता गाडीची चौकट पुढून किंवा मागून उचलली की या झुकावाचं काय होतं? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर धरा. एक टोक पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच उचललं, तर संपूर्ण चौकट जवळजवळ एक अंश फिरते. मागे पाटे वाढवून पाच सेंटिमीटर उचललंत, तर कॅस्टरमधून एक अंश गेला. पाटे वाढवलेली रिकामी पिकअप महामार्गावर डुलते, सारखी हातात धरून चालवावी लागते, ती यामुळे. पुढून उचललंत तर उलट, चौकटीच्या हिशोबाने एक अंश परत आला. इथे कोणी म्हणेल, मग लेव्हल करणं चांगलंच की! थांबा. चौकट फिरली, पण आर्मही खाली लोंबले. आर्म खाली जाताना चाकाचा वरचा सांधा आणि खालचा सांधा नुसते वरखाली होत नाहीत, पुढेमागेही सरकतात. बऱ्याच गाड्यांत हे सरकणं चौकटीने दिलेला अंश खाऊन टाकतं आणि वर आणखी थोडा घेतं. निव्वळ तर्काने उत्तर मिळत नाही, मोजावं लागतं. हे तर्कशास्त्राचा प्राध्यापक सांगतोय, याची नोंद घ्या.

पुढेही पाटे आणि अखंड आस असलेल्या गाडीचा न्याय वेगळा. तिथे गाडी उचलली म्हणून कॅम्बर बदलत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच लोखंडी आसावर. टोही बदलत नाही, कारण दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड आसाबरोबरच असतो. बदलतो तो ड्रॅग लिंकचा उतार. स्टिअरिंग बॉक्स चौकटीबरोबर वर गेला, आस खालीच राहिला, मधला दांडा तिरपा झाला. त्याची आडवी लांबी कमी झाली, म्हणून चाकं थोडी वळली आणि सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसू लागलं. इथे टाय रॉडला हात लावणं म्हणजे बरोबर असलेली गोष्ट बिघडवणं. ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची, बस. दांडा फारच तिरपा झाला असेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देईल, आणि तो झटका कितीही जुळवणी केली तरी जाणार नाही. उंची कमी करणं किंवा दांड्याची जोडणी बदलणं हाच उपाय.

लांब शॅकलची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती दोन्हीकडे उलटते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर ती लांब केल्याने पाट्याचं पुढचं टोक चौकटीपासून खाली जातं, आस पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. शॅकल मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो. एकाने केलं आणि त्याचं चांगलं झालं, म्हणून दुसऱ्याने दुसऱ्या गाडीवर तसंच करू नये, ते यासाठी. कमी-जास्त झालेला कॅस्टर इथे पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून जुळवतात. दोन्ही बाजूंना सारखी पाचर, आणि जाड बाजू कुठे हे मोजून, अंदाजाने नाही. अखंड आसाच्या गाडीत कॅस्टर कमी आणि किंगपिन किंवा टाय रॉड एंड झिजलेले, असा योग जुळला तर एका ठरावीक वेगाला, एखाद्या खड्ड्याचं निमित्त होऊन, पुढची दोन्ही चाकं थडथड डावीउजवीकडे झटकू लागतात. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वर्णनाची गरज नाही. अशा वेळी घट्ट धरून वेग हळूहळू कमी करायचा. आणि मग नुसतं टायर बॅलन्सिंग करून समाधान मानायचं नाही.

आता आमच्या त्या तरुणाच्या गाडीकडे येऊ. त्याचा निष्कर्ष असा होता की लेव्हल केल्यामुळे गाडी ओढते. त्याच्या मित्राची गाडी तितकीच उचललेली आहे, ती ओढत नाही. मग?

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे न्यायशास्त्राचं पहिलं पाठ्यपुस्तक. त्यात एक उदाहरण आहे, ते प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे ठीक नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आपण अग्नीला दोष देत बसतो आणि ओलं लाकूड तसंच राहतं. गाडी उचलली हा अग्नी. ओढते हा धूर. ओलं लाकूड कुठलं?

ते शोधायला आमच्याकडे अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी आहे. अमुक असताना दोष आहे, अमुक काढल्यावर दोष नाही, असं एकेक करून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मिस्त्री लोक हे नाव न घेता करतात. त्यांनी आधी चारही टायरची हवा सारखी केली. ओढ कायम. मग पुढचे दोन टायर डावीउजवीकडे अदलाबदल केले. ओढ टायरबरोबर उजवीकडे गेली असती तर दोष टायरचा होता; ती डावीकडेच राहिली. मग मोकळ्या रस्त्यावर बघितलं, ब्रेक लावतानाच ओढते की न लावताही. न लावताही. आणखी एक साधी गोष्ट: आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालतो, त्यामुळे किंचित डावीकडे सरकणं कुठल्याही गाडीत असतं. म्हणून रस्त्याच्या उताराची शंका काढून टाकायला सपाट आवारात चालवून बघितली. तरी डावीकडेच.

टोमुळे सहसा ओढ येत नाही, कारण दोन्ही चाकं चूक आपसांत वाटून घेतात. टायर झिजतो, स्टिअरिंग तिरकं बसतं, पण गाडी बऱ्यापैकी सरळ जाते. ओढ येते ती कॅम्बरच्या किंवा कॅस्टरच्या डाव्याउजव्या फरकाने. कॅस्टर ज्या बाजूला कमी, त्या बाजूला. म्हणजे ज्या मापाचा त्या तक्रारीशी जवळजवळ संबंध नव्हता, तेच माप तीनदा तपासून तीनदा पैसे गेले होते.

गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत दोन्हीकडे फूटपट्टी लावली. डावीकडे बारा मिलिमीटर जास्त. दोन्ही बोल्ट सारखेच आटे पिळले होते म्हणे. पण वापरलेल्या दोन टॉर्शन बारनी वर्षानुवर्षं सारखं ओझं वाहिलेलं नसतं. आटे सारखे म्हणजे उंची सारखी असं होत नाही. मग जॅक लावून चाक हलवून बघितलं: डाव्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये प्ले. हे ओलं लाकूड. सांध्यात प्ले असताना अलाइनमेंटचं यंत्र जे आकडे दाखवतं ते त्या क्षणाचे असतात. गाडी फलाटावरून उतरली की आकडे बदलले. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर ते देत होतं.

स्टिअरिंग तिरकं धरावं लागण्याचं कारण मागे निघालं, आणि हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. पाट्यांच्या चवडीतून एक मधला बोल्ट जातो. त्याचं डोकं आसावरच्या भोकात बसतं, आणि आस जागेवर राहतो. चवड जाड झाली म्हणून लांब बोल्ट घातला होता, पण त्याचं डोकं त्या भोकात नीट बसत नव्हतं. मागचा आस एका बाजूला मागे सरकलेला. चौकटीवरच्या दोन सारख्या खुणांपासून दोन्हीकडच्या मागच्या चाकापर्यंत दोरा धरला आणि फरक दिसला. मागची चाकं गाडीला जिकडे ढकलतात ती तिची खरी दिशा; पुढची चाकं फक्त त्या दिशेशी जुळवून घेतात. रस्त्यावर मागून बघितल्यावर कुत्र्यासारखी तिरकी धावणारी गाडी तुम्ही बघितली असेल. नुसत्या पुढच्या दोन चाकांची अलाइनमेंट करणं म्हणजे वाकड्या भिंतीला काटकोनात दार बसवणं. गवंडी आधी सूत धरतो, मग ओळंबा सोडतो. इथेही मागच्या आसापासूनच सुरुवात हवी.

दुरुस्तीचा क्रम मग ठरलाच. आधी मागचा आस जागेवर. मग झिजलेला बॉल जॉइंट आणि त्याच वेळी सैल असलेले बुश बदलले. पुढची उंची इंचभर कमी केली, दोन्ही बाजू फूटपट्टीने सारख्या केल्या, गाडी थोडी चालवून, दाबून बसू दिली, पुन्हा मोजलं. त्यानंतर वरच्या आर्मच्या शिमा कमीजास्त करून आधी कॅस्टर, मग कॅम्बर. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅस्टर-कॅम्बर हलवलं की टो हलतोच. आधी टो केला तर तो पुन्हा करावाच लागतो. आणि टो करताना स्टिअरिंग मध्यावर बांधून दोन्ही बाजूंचे दांडे सारखे फिरवायचे.

इथे एक वाईट सवय आहे, तिच्याबद्दल मी जरा कडकच बोलतो. सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतंय? मग स्टिअरिंगचं चाक उपसायचं आणि दोन दाते सरकवून पुन्हा बसवायचं. दिसायला सरळ! पण स्टिअरिंग बॉक्सला स्वतःचा एक मध्य असतो. जुन्या पद्धतीच्या बॉक्समध्ये त्या मध्यावर प्ले सगळ्यात कमी ठेवलेला असतो, कारण आयुष्याचा बहुतेक वेळ गाडी सरळच जाते. चाक उपसून बसवलं की डोळ्याला मध्य दिसतो, पण बॉक्स मध्यापासून बाजूला चालतो, आणि सरळ रस्त्यावर सैल लागतो. नव्या गाड्यांत एअरबॅगची गुंडाळलेली तार असते, स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. तिथे हा उद्योग आणखी महाग पडतो. लक्षण पुसलं, कारण राहिलं. आमच्या क्षेत्रातही असे निबंध मी पुष्कळ तपासले आहेत.

वळणात टायर ओरडत असतील तर एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतल्या चाकाने जास्त वळलं पाहिजे. ही कल्पना म्युनिकच्या लांकेन्श्पेर्गर या गाड्या बनवणाऱ्याची. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट अ‍ॅकरमनने १८१८ साली घेतलं. आपल्याकडे सीताबर्डीची लढाई नुकतीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली होती. हा हिशोब चाकामागच्या छोट्या स्टिअरिंग आर्मच्या कोनात साठवलेला असतो. तो आर्म खड्ड्यात वाकला तर सरळ जाताना सगळे आकडे बरोबर येतील, आणि वळणात टायर घासेल.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. अलाइनमेंट रिकाम्या गाडीची करायची की भरलेल्या? जाताना भरून, येताना रिकामी. दोन्ही वेळा कोन वेगळे. खरी गाडी कुठली? कंपनीचे आकडे बहुतेक वेळा रिकाम्या गाडीसाठी दिलेले असतात, आणि भरल्यावर होणारा बदल त्यात धरलेला असतो. पण हा धरलेला बदल मूळ पाट्यांवर, मूळ उंचीवर. तुम्ही पाटे वाढवले, पुढे उचललं, म्हणजे ते गृहीतक मोडलं. तेव्हा मी म्हणेन, दोन्ही स्थितीत मोजून घ्या. रोज साधारण जितका माल असतो तितका घालून एकदा, रिकामी एकदा. दोन्ही आकडे परवानगीच्या मर्यादेत बसले पाहिजेत. एकात बसतात आणि दुसऱ्यात नाही, तर उंची किंवा पाटे यांपैकी काहीतरी जास्त झालं आहे. यावर तडजोड नाही.

ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचं विशेषण म्हणून येतो. सु म्हणजे चांगलं, ख म्हणजे पोकळी. ज्याच्या चाकाच्या नाभीचं भोक चांगलं तो रथ सुख, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. प्ले असलेला बॉल जॉइंट बघितला की मला ती पटते.

दोन गोष्टी स्टिअरिंगच्या नाहीत, पण याच कामातून बिघडतात. पुढून गाडी एक अंश उचलली तर दिव्याचा झोत तीस मीटरवर अर्धा मीटर वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. गाडी उचलली की दिवे खाली करून घ्या. दुसरी गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते तो ठरवतो. पाटे वाढवल्याने मागची बाजू दबेनाशी झाली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. माल भरलेला आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे! ही जुळवणी कितीजण करतात, गॅरेजमध्ये विचारून बघा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जयचंद्र प्रकरणात सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. उंची आणि पाट्यांना हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. जास्त मालाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. मूळ पाटे ठेवून दोन फेऱ्या केलेल्या परवडतात की नाही, हा हिशोब तुमचा तुम्ही करा.

प्रश्न आले आहेत, तीन घेतो.

एकाने विचारलंय, किती इंच उचललं तर चालतं? सगळ्या गाड्यांना लागू होईल असा आकडा मी देणार नाही. एक परीक्षा सांगतो. जॅकने पुढची बाजू उचला आणि चाक जमिनीवरून सुटताना किती खाली लोंबतं ते मोजा. लेव्हल करण्यापूर्वीही मोजून ठेवा. टॉर्शन बार पिळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो, आणि चाकाला खाली जायची जागा उरत नाही. खड्ड्यात चाक खाली जाऊ शकलं नाही की धाड असा आवाज येतो. चाक जेमतेम लोंबत असेल तर जास्त उचललंय. फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांचा कोन आणि रबरी बूट फाटलेत का तेही बघा.

दुसरा प्रश्न, पॉवर स्टिअरिंग असल्यावर कॅस्टरची काळजी कशाला? पॉवर स्टिअरिंग हाताला मदत करतं. चाकाला सरळ आणण्याचं काम कॅस्टरकडेच राहतं. उलट, हलकं लागत असल्यामुळे दोष उशिरा कळतो.

तिसरा प्रश्न चांगला आहे: नवे बुश घातले, महिन्यात फाटले, माल खराब होता का? माल खराब असू शकतो. पण आधी विचारा, बोल्ट कसे आवळले होते? गाडी जॅकवर, चाकं लोंबलेली असताना आर्मचे बोल्ट आवळले, तर रबर त्या लोंबलेल्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी चाकांवर उभी करायची, वजन येऊ द्यायचं, आणि मग शेवटचं आवळायचं. मागच्या पाट्यांच्या यू बोल्टचंही तसंच, वजन चाकांवर असताना. आणि तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं, कारण नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात. हे दुसऱ्यांदा पाना लावायला कोणी पैसे घेत नाही, म्हणून कोणी बोलावतही नाही. तुम्हीच जाऊन आठवण करा.